शाळेची वास्तू कोणास व किती काळ द्यावी?

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



शाळेची रस्त्याकडील जागा दुकानांसाठी तीस वर्षांच्या भाडेपट्ट्याने द्यावी व सभागृह लग्नकार्यांस खुले करावे, अशा दोन सूचना आज सभेपुढे आहेत. शाळेच्या तिजोरीत चार पैसे पडावेत हाच सूचकांचा हेतू आहे. आणि पावसाळ्यात वर्ग गळत असताना तो हेतू कोणी हसण्यावारी नेऊ नये. तथापि या दोन सूचना एका माळेतील मणी नव्हेत, एवढे सांगण्यासाठी मी उभा आहे.

शाळेचा दरवाजा बाहेरच्यांस उघडणे आपल्या जिल्ह्यास नवे नाही. निझामी राजवटीत गश्ती निशाण ५३ या हुकुमामुळे परवानगीवाचून जाहीर सभा भरविणे कठीण होते. त्याच काळात हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत स्वामी रामानंद तीर्थांनी अध्यापन केले, आणि शाळा म्हणजे नुसती चार भिंतींची इमारत नव्हे हे मराठवाड्याने तेव्हाच जाणले. शेगावहून निघणारी गजानन महाराजांची पालखी धाराशिव-तुळजापूरवरूनच पंढरीस जाते. वारकऱ्यांनी शाळेच्या ओसरीत पथारी टाकली तर त्यांच्यापुढे पावतीपुस्तक धरण्याची कोणास बुद्धी होईल? १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याने मतदानासाठी सरकार इमारत ताब्यात घेऊ शकते. २०२० साली मुंबई-पुण्याहून परतलेल्या आपल्याच माणसांचे विलगीकरण गावोगावच्या शाळांत झाले. ही सारी गरजेची व अल्पमुदतीची कामे होती. काम संपताच वास्तू मुलांस परत मिळाली.

लग्नकार्याचेही तसेच व्हावे, अशी माझी इच्छा आहे. वैशाखातील मुहूर्तांच्या वेळी शाळेस सुटी असते, तेव्हा हरकत नाही. अडचण येते ती माघ-फाल्गुनात. दहावी-बारावीची पोरे परीक्षेस बसलेली आणि पलीकडे वाजंत्री, हे चालावयाचे नाही. मग वधूपिता आपल्या मंडळाचा आजीव सभासद असला तरी नाही. दुसरी गोष्ट पाण्याची. एका पंगतीस किती घागरी लागतात हे येथे बसलेल्या भगिनींस माझ्याहून चांगले ठाऊक आहे. आपल्या दुष्काळी मुलखात शाळेच्या विंधन विहिरीवर लग्नघर सोडणे म्हणजे सोमवारी मुलांस कोरड्या टाकीपाशी उभे करणे होय. टँकर घेणाऱ्याने आणावा.

आता दुकानांचा भाडेपट्टा. येथे मात्र माझा स्पष्ट विरोध आहे. भाडेपट्ट्याने घेणाऱ्याचा जागेवर हक्क निर्माण होतो; लेखी परवान्याने केवळ वापराची मुभा मिळते. हा भेद वकिली किस नव्हे, त्यावर शाळेचे अंगण राहते वा जाते. आपली शाळा नोंदलेल्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेची आहे. १९५० च्या अधिनियमाच्या कलम ३६ नुसार अशी इमारत वा बिगरशेती जागा तीन वर्षांहून अधिक मुदतीने पट्ट्याने द्यावयाची तर धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते, अन्यथा तो पट्टा वैध ठरत नाही. तीन वर्षांची ही मर्यादा कायदा करणाऱ्यांनी उगाच घातलेली नाही. विश्वस्त बदलतात, दरवर्षी हार-तुरे घेऊन नवे पदाधिकारी येतात. पट्टेदार मात्र तेथेच असतो, मग त्याचा मुलगा असतो. आज ठरलेले भाडे तीस वर्षांनी चहाच्या खर्चास तरी पुरेल काय? आणि आज ज्या जागेत पोरे खो-खो खेळतात, ती उद्या वर्गांसाठी हवी झाली तर आपण कोणाच्या दाराशी जाणार?

शेवटचा मुद्दा थोडा कडू आहे. 'आपल्या समाजाने वर्गणी काढून बांधलेली वास्तू, आपणांस फुकट व इतरांस भाड्याने असावी' असे काही वडीलधारी मंडळी बोलतात. वर्गणी आपली खरी. पण शिक्षकांचे पगार सरकारी अनुदानातून, म्हणजे सर्वांच्या करांतून, होतात. आणि अनुदानित संस्थेत जातीवरून प्रवेश नाकारता येत नाही, असे संविधानाचे कलम २९ सांगते. सर्व जातींची मुले जेथे एका बाकावर बसतात, तेथील सभागृहाचे दर दोन कसे असावेत? माझ्या मते दर एकच असावा, तो फलकावर लिहावा, आणि पहिली पावती कार्यकारिणीच्या सदस्याच्या घरच्या कार्याची फाटावी.

म्हणून माझी उपसूचना अशी : पट्ट्याची सूचना नामंजूर करावी. सभागृह सुटीच्या दिवसांपुरते, मुख्याध्यापकांच्या लेखी संमतीने व अनामत घेऊन द्यावे. दुसऱ्या दिवशी शाळा भरण्यापूर्वी झाडलोट झालेली नसल्यास अनामत परत देऊ नये. जमा रकमेचा हिशेब वेगळा ठेवून पहिल्या वर्षी ती मुलींच्या स्वच्छतागृहास लावावी. उपसूचनेस अनुमोदन देणाऱ्यांनी कृपया आपले नाव कार्यवाहांकडे द्यावे.