हजेरीपट आणि केसपेपर

विदर्भातल्या एखाद्या गावशाळेचा हजेरीपट उघडला, तर एका मुलाच्या नावापुढे दर महिना-दीड महिन्याला चार-चार दिवस सलग गैरहजेरी दिसेल. शेरा असतो 'अनियमित'. त्याच तारखांचा दवाखान्यातला केसपेपर काढा. तिथे लिहिलेले सापडेल : सिकलसेल, सांधेदुखी, सलाईन. दोन्ही कागद खरे. पण त्यांची गाठ काही पडत नाही.

या आजारात रक्तातील तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि असह्य कळा येतात. मध्य भारतातील या रक्तदोषाची नोंद शुक्ला आणि सोळंकी यांनी १९५८ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय पत्रिकेत प्रसिद्ध केली. २०२३ साली राष्ट्रीय मोहीम निघाली. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी हे तिचे उद्दिष्ट. तपासणीने रक्ताचे कळते. पण या दुखण्यापायी शाळा किती बुडते, औषध नियमित मिळाले तर हजेरी सुधारते काय, हे कळायला दोन्ही नोंदी शेजारी ठेवाव्या लागतात.

त्या जुळवायच्या कशा? शाळेत नाव मराठीत, दवाखान्यात इंग्रजीत. 'ज्ञानेश्वर' इंग्रजीत दहा जण दहा तऱ्हांनी लिहितात. घरचे नाव निराळे. जन्मतारखेचे तर विचारूच नका. पूर्वी गुरुजी सरसकट १ जून लावून मोकळे होत! आता शाळेकडे 'अपार'चा बारा अंकी क्रमांक आहे, दवाखान्याकडे 'आभा'चा चौदा अंकी. परंतु दोन्ही क्रमांक प्रत्येक मुलाकडे असतीलच असे नाही, आणि वीटभट्टीवर गेलेल्या कुटुंबाचे पोर तर दोन्हीकडून निसटते.

खरी अडचण मात्र याहून नाजूक आहे. मुलीला सिकलसेल आहे असे गावात फुटले, की स्थळे येईनाशी होतात. ती नुसती वाहक असली तरी तेच. (वाहक म्हणजे रोगी नव्हे, हे किती वेळा सांगावे!) आईबाप लपवतात, त्यांना दोष कसा द्यावा?

वेल्समध्ये स्वान्सी विद्यापीठात यासाठी एक माहितीपेढी चालते. तिथे नाव-पत्ता तेवढा एका त्रयस्थ संस्थेकडे जातो. ती नावाच्या जागी सांकेतिक खूण देते. आजाराची आणि अभ्यासाची माहिती वेगळ्या वाटेने पेढीत येते व खुणेवरून जुळते. संशोधकाला नाव दिसत नाही. पद्धत उत्तम आहे. पण आपल्याकडे दोनशे घरांच्या गावात 'आठवीतली सिकलसेलची मुलगी' एवढे म्हटले, की नाव सांगायचे राहिले काय? तेव्हा आकडे गावाचे नव्हे, निदान तालुक्याचे एकत्र करूनच बाहेर पडावेत, आणि पालकांना हे सारे त्यांच्या बोलीत समजावून मगच संमती घ्यावी. अंगठा घेणे म्हणजे संमती नव्हे.

शिक्षकबंधूंनी आणि भगिनींनी तूर्त एवढे करावे. मूल का आले नाही ते विचारून 'आजारी', 'शेतीकाम', 'परगावी' असे कारण तारखेसह टिपून ठेवावे. आजाराचे नाव मात्र हजेरीपटात लिहू नये. तो पट टेबलावर उघडा पडलेला असतो, आणि पहिल्या बाकावरच्या पोरांना तो उलटासुद्धा वाचता येतो.