डब्यावर आरोप ठेवण्याआधी



एडीएचडी असलेल्या मुलाची आई समोर येऊन बसली की पहिल्या पाच मिनिटांत विचारते, "डॉक्टर, माझं खायला घालण्यात काही चुकलं का?" घरातलं कुणीतरी तिला सांगून मोकळं झालेलं असतं, की साखर तोड, पोर शांत होईल.

साखरेचं आधी बोलू. १९९४ साली अमेरिकेत केंटकी विद्यापीठातल्या संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. 'आमच्या मुलाला साखर चढते' असं म्हणणाऱ्या आया आणि त्यांचे पाच ते सात वर्षांचे मुलगे बोलावले. पेय दिलं ते सगळ्यांना बिनसाखरेचं, अ‍ॅस्पार्टेमनं गोड केलेलं. निम्म्या आयांना मात्र सांगितलं, भरपूर साखर दिली आहे. त्यांना आपला मुलगा जास्त चंचल वाटला. त्या त्याच्या अवतीभवती राहिल्या, त्याला जास्त टोकत राहिल्या. मला यातलं हे टोकणं फार लागतं. त्या मुलानं साखरेचा कणही खाल्ला नव्हता!

साखर कमी करा, दातांसाठी आणि वजनासाठी करा. पण लाडू खाल्ला म्हणून पोराला आरोपी करू नका.

खाद्यरंगांची गोष्ट निराळी. २००७ साली इंग्लंडमध्ये साउथम्प्टनला तीन वर्षांच्या आणि आठ-नऊ वर्षांच्या सर्वसाधारण मुलांना कृत्रिम रंग आणि सोडियम बेंझोएट घातलेलं पेय देऊन पाहिलं. चंचलता थोडी वाढली. प्रत्येक मुलात नाही. तेवढ्यावरून युरोपात २०१० पासून सहांपैकी कुठलाही रंग असलेल्या खाद्यपदार्थांवर इशारा छापावा लागतो. त्यांतले टार्ट्राझिन आणि सनसेट यलो आपल्याकडेही चालतात. पाकिटावर १०२ आणि ११० हे आकडे शोधा. सुट्या केशरी जिलेबीवर कसला आकडा असणार? रंग टाळल्यानं मुलाचं काही अडत नाही, म्हणून टाळा. दूध, गहू, अंडी मात्र स्वतःच्या मनानं बंद करू नका. आधीच चार पदार्थांवर जगणारं मूल त्यानं वाळतं.

आता ज्यावर कुणी बोलत नाही ते. एडीएचडीसाठी दिल्या जाणाऱ्या मेथिलफेनिडेट या औषधानं बऱ्याच मुलांची भूक मरते. सकाळी गोळी, दुपारी डबा तसाच परत. आई रडकुंडीला येते, मूल बोलणी खातं. अशा वेळी दिवसाचं जेवणच सरकवा. गोळीआधी पोटभर थालीपीठ-दही किंवा अंडं-पोळी द्या. डब्यात दोन घास पुरेत, शेंगदाण्याचा लाडू चालेल. संध्याकाळी औषध उतरलं की भूक उसळते. तेव्हा बिस्किटं पुढे न करता वरण-भात, उसळ तयार ठेवा. रात्री नऊला पुन्हा "भूक लागली" म्हणाला, तर "दुपारी का नाही जेवलास?" असं विचारू नका. दुपारी त्याला खरोखरच भूक नव्हती. पोळी गरम करून वाढा. दर भेटीला वजन-उंची मोजून घ्या, आणि वजन वाढेनासं झालं तर गोळी आपल्या मनानं न थांबवता डॉक्टरांना सांगा.