जिल्ह्याचें अंदाजपत्रक आणि वाडीची विहीर

(समितीच्या मालवण येथील सभेंत केलेलें भाषण)



समितीची वर्गणी मागावयास गेलें असतां एक प्रश्न हमखास ऐकूं येतो, आणि तो रास्त आहे. आम्ही कर भरतों, जिल्ह्यास स्वतःचें अंदाजपत्रक आहे. मग वाडीच्या पाण्यासाठीं पुन्हां आमच्याच दारीं कां? आज मी याच प्रश्नाचें उत्तर, वकिली डावपेच न करतां, देणार आहें.

प्रथम दुष्काळ या शब्दाविषयीं. वर्षास तीन हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडणाऱ्या जिल्ह्यांत दुष्काळनिवारण कशाला, असें घाटावरचा पाहुणा विचारतो. परंतु तें पाणी जांभ्या खडकांतून झिरपतें आणि उताराच्या वहाळांनीं समुद्रास मिळतें. चैत्रांत विहिरीचा तळ दिसूं लागतो. खाडीकांठीं उरलेल्या पाण्यास खारेपणाची बाधा होते. समोरच्या किल्ल्याचें बांधकाम १६६४ सालीं सुरू झालें. चोहोंकडे समुद्र असतांही तेथें दूधबाव, दहीबाव व साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत. पाऊस देवाचा, पण पाणी व्यवस्थेचें, हें त्यांवरून दिसतें.

ही व्यवस्था आज कोणाकडे आहे? १८६९ च्या कायद्यानें शेतसाऱ्याच्या रुपयामागें एक आणा लोकलफंड बसला, आणि रस्ते, शाळा व विहिरी यांचा खर्च स्थानिक पैशांतून करण्याची वहिवाट पडली. १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा आल्या. १ मे १९८१ रोजीं आपला जिल्हा रत्नागिरीपासून वेगळा झाला. पुढें १९९२ च्या घटनादुरुस्तीस अनुसरून १९९८ सालीं राज्यानें जिल्हा नियोजन समितीचा कायदा केला. पालकमंत्री तिचे अध्यक्ष व जिल्हाधिकारी तिचे सचिव असतात. निदान चार-पंचमांश सभासद स्थानिक संस्थांच्या निवडलेल्या प्रतिनिधींतून घ्यावे, असा घटनेचा दंडक आहे.

आतां या तराजूंत मागण्या कशा तोलल्या जातात तें पाहूं. पेढीवर बसणारास हें चटकन् कळेल. आधीं जुनें देणें: चालू कामांचीं बिलें भागवावीं लागतात. नंतर राखीव वांटा: परिषदेच्या स्वतःच्या उत्पन्नांतून २० टक्के मागासवर्गीयांसाठीं व १० टक्के महिला व बालकल्याणासाठीं ठेवावे लागतात, आणि तें योग्यच आहे. उरलेल्या रकमेवर रस्ता, सांकव, शाळेचें छप्पर, दवाखाना व विहीर अशा सर्वांचा हक्क सांगितला जातो. तेथें शंभर घरांच्या वाडीपुढें बारा घरांची वाडी हलकी ठरते. शिवाय ३१ मार्चच्या आंत पैसा खर्ची पडावयाचा असतो. म्हणून ज्या कामाचे कागद तयार, तें काम पुढें जातें. ग्रामसभेचा ठराव, अभियंत्याचा अंदाज, भूजल यंत्रणेचा दाखला आणि जागा, यांतील एकही उणा असला तर गरज कितीही मोठी असो, प्रस्ताव परत येतो.

यांत अधिकाऱ्यांस दोष देणें सोपें आहे, पण न्याय्य नाहीं. खासगी जमिनींत सार्वजनिक पैशानें विहीर खणणारास हिशेबतपासनीस उद्यां जाब विचारील. खरी उणीव इतकीच, कीं जी वाडी सर्वांत गरीब, तिचेच कागद सर्वांत अपुरे असतात. २०२२ सालीं जिल्हा परिषदेची मुदत संपल्यावर कांहीं वर्षें कारभार प्रशासकाच्या हातीं होता. त्या काळांत तर अशा वाडीसाठीं सभागृहांत उठून बोलणारा सभासदही नव्हता.

माझ्या माहितींतील एका वाडीची गोष्ट सांगतों. अंदाज झाला, दाखला आला, ठराव झाला. अडलें तें एका गुंठ्यावर. सातबाऱ्यावर सामाईक खातेदार अनेक, त्यांतले निम्मे मुंबईस. संमतिपत्रें फिरलीं, एक सोडून सर्व सह्या आल्या. मार्च उलटला आणि वाडीचें नांव यादींतून गेलें. त्या उन्हाळ्यांतही तेथील बायकांनीं डोक्यावरून पाणी वाहिलें. ती न आलेली सही माझी होती. पत्र माझ्या टेबलाच्या खणांत पडलें होतें; सवडीनें पाहूं म्हणून मी तें ठेविलें होतें. दुसऱ्यांच्या जमिनींचे तंटे सोडविणाऱ्यानें स्वतःच्या एका गुंठ्यासाठीं बारा घरें तहानलेलीं ठेविलीं. पुढें सही केली, परंतु तो उन्हाळा परत आणतां येत नाहीं.

टंचाई आराखडा आहे ना, असें कोणी म्हणेल. आहे. ऑक्टोबर ते डिसेंबर, जानेवारी ते मार्च व एप्रिल ते जून अशा तीन टप्प्यांत तो केला जातो. त्यांत विहिरींतील गाळ काढणें, विंधन विहिरींची दुरुस्ती, पूरक नळयोजना, टँकर अशीं कामें असतात. परंतु प्रस्ताव, पाहणी व मंजुरी यांस दिवस लागतात, आणि घागर त्याच दिवशीं भरावी लागते. हें मधलें अंतर भरून काढणें एवढेंच आपल्या समितीचें काम आहे. सरकारचें ओझें आपण आपल्या खांद्यावर घेत नाहीं. तें त्यानें वेळीं उचलावें म्हणून वाट मोकळी करतों.

म्हणून मागणें तीन प्रकारचें आहे. जमीनदारांनीं विहिरीपुरती जागा ग्रामपंचायतीच्या नांवें नोंदणीकृत बक्षीसपत्रानें द्यावी, आणि सामाईक खातेदारांनीं आलेल्या पत्रावर त्याच आठवड्यांत सही करावी; कागद मी स्वतः विनामूल्य करून देईन. ज्यांच्या परसांत बारमाही विहीर आहे त्यांनीं चैत्र-वैशाखांत तिचें दार शेजारच्या वाडीस उघडें ठेवावें. व्यापाऱ्यांनीं रोख द्यावी: मोजणीची फी, मुंबईस फेऱ्या, वहाळावर पावसाळ्याअखेर घालावयाच्या वनराई बंधाऱ्यांचीं पोतीं आणि मंजुरी येईपर्यंतचें पाणी यांवर ती खर्च होईल. पैन् पैचा जमाखर्च पुढील अहवालांत छापला जाईल. तो वाचून चूक दिसेल ती अवश्य दाखवावी.

बंधूंनो, अंदाजपत्रकांतील ओळ कागदावर असते, पण तिच्या शेवटीं एक घागर असते. ती रिकामी राहण्याचें कारण आपली न झालेली सही असूं नये, एवढीच माझी हात जोडून विनंती आहे.