अतिरेकाचा जाच



दुसऱ्यासाठी दार धरणे हे सौजन्य खरे. पण आपण वीस पावले दूर असताना कोणी दार धरून उभा राहिला, की आपल्याला धावावे लागते, आणि वर आभारही मानावे लागतात! कौतुकाचेही तसेच. १५ ऑगस्ट १९६५ रोजी न्यूयॉर्कच्या शे स्टेडियमवर बीटल्सना ऐकण्यास ५५,००० हून अधिक लोक लोटले. किंकाळ्यांत गाणे बुडाले. गाणाऱ्यांना आपलाच सूर ऐकू येईना. २९ ऑगस्ट १९६६ च्या सॅन फ्रान्सिस्कोतील कार्यक्रमानंतर त्यांनी दौरे सोडले आणि ध्वनिमुद्रणात मन घातले. आज त्यांच्या दंतकथेचा उदोउदो करणारे तोच गलका चालवतात. सौजन्य समोरच्याची चाल पाहून करावे. कौतुक आधी ऐकून मग करावे. नाहीतर दोन्हींचा जाचच होतो.