सरसाच्या सांध्याची परीक्षा

घरांतील एखाद्या जुन्या खुर्चीचा पाय निखळला म्हणजे सुतारास बोलावणें जातें. तो सांध्यांतील जुना सरस खरवडून काढतो, लांकूड कोरडें करतो, नवा सरस लावतो, दोरीचा पीळ देऊन खुर्ची आवळून ठेवतो आणि घरधन्यास बजावतो, "उद्यां संध्याकाळपर्यंत हिच्यावर कोणी बसूं नका." दुसऱ्या दिवशीं खुर्ची पहिल्यासारखी दिसते. परंतु सांधा खरोखरच धरला आहे कीं नाहीं, हें ठरविण्यास त्या सुतारापाशीं एकच उपाय असतो: तो स्वतः तिच्यावर बसून पाहतो. दोर तुटावयाचा असला तर त्याचे तंतू आधीं विरलेले दिसतात. खिळा सैल झाला तर तो हातास हालतो. सरसाचा सांधा मात्र दोन फळ्यांच्या पोटांत दडलेला असतो. तो चांगला असो वा वाईट असो, बाहेरून सारखाच दिसतो. खुर्चीच्या बाबतींत ही गोष्ट फार तर हंसण्यावारी जाईल. परंतु विमानाच्या पंखांत सरस शिरल्यापासून तिच्यावर माणसांचे प्राण अवलंबून राहूं लागले. म्हणून सांध्याचें बळ मोजावें कसें, हा प्रश्न शास्त्रज्ञांस सोडवावा लागला.

सांध्यावर येणारा ताण मुख्यतः तीन प्रकारचा असतो. जोडलेल्या दोन वस्तू एकमेकींपासून सरळ दूर खेंचल्या तर ती ओढ झाली. एका कडेपासून आरंभ करून एक वस्तु दुसरीवरून केळ्याच्या सालीप्रमाणें उचलली तर तें सोलणें झालें. आणि दोन्ही वस्तू अंगाला अंग लावून उलट दिशांना सरकूं पाहत असतील तर त्या ताणास परिभाषेंत कर्तन म्हणतात. कातरीचीं दोन पातीं एकमेकांस घांसून विरुद्ध दिशांनीं जातात, तोच हा प्रकार. आणि कातर व कर्तन हे शब्दहि एकाच कुळांतले. पाकिटावर नीट चिकटलेलें टपालाचें तिकीट अंगठ्यानें पुढें ढकललें तर तें जागचें हालत नाहीं. परंतु त्याच्या कोपऱ्याखालीं नख शिरलें कीं तेंच तिकीट उचलून येतें. सरस सोलण्यापुढें दुबळा आणि कर्तनापुढें बळकट असतो. म्हणून जाणता कारागीर सांध्याची रचनाच अशी करतो, कीं त्यावर येणारा भार शक्य तों सरकवणाराच असावा. सरसाच्या सर्व परीक्षांमध्यें कर्तन-परीक्षेस अग्रमान मिळाला, त्याचें कारण हेंच.

धातूसाठीं ही परीक्षा पुढीलप्रमाणें करतात. एक इंच रुंदीच्या दोन पातळ पट्ट्या घेऊन त्यांचीं टोकें अर्धा इंच एकमेकांवर चढवितात आणि मध्यें सरसाचा थर देतात. सरस पुरता कठीण झाला म्हणजे पट्ट्यांचीं मोकळीं टोकें यंत्राच्या दोन जबड्यांत धरून सावकाश ओढतात. समजा, १,५०० पौंडांची ओढ बसतांच सांधा तुटला. चिकटलेलें क्षेत्र अर्धा चौरस इंच होतें. तेव्हां सांध्याचें बळ दर चौरस इंचास ३,००० पौंड भरलें. लांकडासाठीं दोन ठोकळे घेतात. ते एकमेकांस चिकटवितांना एक थोडा वर व दुसरा थोडा खालीं ठेवतात. मग खालचा ठोकळा टेकवून वरच्याच्या माथ्यावर दाब देतात, म्हणजे मधला सरस कर्तनांत सांपडतो. प्लायवूडच्या तुकड्यास दोन्ही अंगांनीं करवतीच्या दोन खांचा पाडतात. तुकडा ओढला असतां त्या खांचांमधील सरसावरच ताण एकवटतो.

येथवर सर्व सोपें दिसतें. परंतु हाती आलेला आंकडा वाटतो तितका भोळा नसतो. भारास क्षेत्रानें भागल्यावर मिळते ती केवळ सरासरी. जर्मनीतील फोल्करसेन यानें १९३८ सालीं गणितानें दाखवून दिलें, कीं चढविलेल्या पट्ट्यांत ताण सर्वत्र सारखा नसतो. पट्ट्या स्वतःहि किंचित् ताणल्या जातात, त्यामुळें सांध्याच्या दोन टोकांशीं ताणाचा कळस होतो आणि मध्यभाग बराचसा निवांत राहतो. लांब दांडीची पालखी उचलतांना टोकांच्या भोयांनीं घाम गाळावा आणि मधल्यांनीं नुसता हात लावून चालावें, तसाच हा प्रकार. पुढें १९४४ सालीं गोलंड आणि राइस्नर यांनीं आणखी एक गोष्ट हिशेबांत घेतली. दोन पट्ट्या एका रेषेंत नसल्यामुळें ओढतांना त्या वांकतात, आणि टोकांशीं सांधा थोडासा सोललाहि जातो. म्हणजे कर्तनाच्या म्हणून केलेल्या परीक्षेंत सोलणें चोरपावलांनीं शिरतें! म्हणूनच चढवणीची लांबी दुप्पट केली तरी बळ दुप्पट होत नाहीं. पट्टी पातळ किंवा जाड असली, सरसाचा थर कमीअधिक झाला, तरी आंकडा बदलतो. तो आंकडा एका सरसाची दुसऱ्याशीं तुलना करण्यास फार उपयोगी आहे. परंतु तो जसाच्या तसा उचलून पंखाच्या हिशेबांत घालणें धोक्याचें आहे. शुद्ध कर्तन पाहावयाचें असेल तर दोन नळ्यांचीं तोंडें एकमेकांस चिकटवून त्या पिळतात, किंवा जाड पट्ट्यांची अगदीं तोकडी चढवण घेतात.

आंकड्याहून अधिक बोलकी असते ती मोडलेली जागा. अनुभवी परीक्षक यंत्रावरील कांटा वाचून थांबत नाहीं. तो दोन्ही तुकडे उजेडांत धरतो. लांकूडच फाटून दोन्ही अंगांस धागे दिसत असतील तर सरस लांकडाहून बळकट ठरला. सरसाचा थरच मधून दुभंगून दोन्हीकडे राहिला असेल तर मोडला तो सरस. त्याची पकड शाबूत होती. परंतु एका अंगावर सगळा सरस आणि दुसरें अंग आरशासारखें स्वच्छ, असें दृश्य दिसलें तर तो सांधा खऱ्या अर्थानें कधीं जडलाच नव्हता. तेथें तेल, धूळ किंवा ओल राहून गेलेली असते. अशा सांध्याचा आंकडा आज चांगला आला तरी उद्यांचा भरंवसा नाहीं. म्हणून लांकडी ठोकळ्यांच्या परीक्षेंत किती पौंडांवर मोडलें याच्याबरोबरच, शेंकडा किती भाग लांकडांत मोडला, हेंहि टिपून ठेवतात.

उद्यांचा हा भरंवसा किती महाग पडतो, याचे दाखले इतिहासांत आहेत. ३१ मार्च १९३१ रोजीं अमेरिकेंतील कॅन्सस प्रांतांत फोकर बनावटीचें एक प्रवासी विमान आकाशांतच पंख मोडून पडलें आणि आंतील आठहि जण मृत्युमुखीं पडले. त्यांत नूट रॉक्नी हा फुटबॉलचा विख्यात शिक्षक होता. विमानाचा पंख लांकडी होता. त्यांत ओल शिरून सरसाचे सांधे कमकुवत झाले होते. बाहेरून पंख धडधाकट दिसत होता.

दुसऱ्या महायुद्धांत इंग्रजांचें मॉस्किटो विमान बर्च लांकडाचें प्लायवूड आणि बाल्सा यांचें बनविलेलें होतें. आरंभीं त्यांत दुधापासून केलेला केसीनचा सरस वापरीत. पुढें कृत्रिम राळेचा सरस आला. १९४४ सालीं हिंदुस्थान व ब्रह्मदेशाच्या आघाडीवर या विमानांस अपघात झाले आणि कांहींच्या पंखांचे सांधे उकललेले सांपडले. विमानें जमिनीवर ठेवून तपासावीं लागलीं. दोष सरसाचा, येथील उष्ण व दमट हवेचा, कीं कारखान्यांतील जोडणीचा, यावर मोठा खल झाला. वाद कांहींहि असो, विलायतेंत जोडलेल्या सांध्यास बंगालचा पावसाळा सोसावा लागतो, हा धडा कायमचा मिळाला.

धातूचीं विमानें आल्यानेंहि प्रश्न मिटला नाहीं. २८ एप्रिल १९८८ रोजीं हवाई बेटांवरील अलोहा एअरलाइन्सचें बोइंग ७३७ विमान २४,००० फुटांवर असतां पुढील भागाचें सुमारें १८ फूट छत उडून गेलें आणि एक विमान-सेविका त्याबरोबर बाहेर फेंकली गेली. वैमानिकांनीं तशाच स्थितींत विमान उतरविलें, म्हणून बाकीचे सर्व वांचले. त्या विमानाच्या पत्र्यांचे सांधे सरस आणि रिव्हेट या दोहोंनीं जोडलेले होते. सरस जागोजागीं सुटला, सगळा भार रिव्हेटांवर पडला, त्यांच्या छिद्रांपासून बारीक भेगा निघाल्या आणि त्या एकमेकींस मिळाल्या. विमानानें ८९,००० हून अधिक उड्डाणें केलीं होतीं. सरसाची सुटलेली पकड मात्र वेळींच कोणी हेरली नाहीं.

अशा अनुभवांतून परीक्षा अधिक कठोर झाल्या. कोरड्या खोलींत ओढून पाहिलें तर चांगल्या व वाईट रीतीनें स्वच्छ केलेल्या पत्र्यांचे आंकडे पुष्कळदां जवळजवळ सारखे येतात. म्हणून चिकटविलेल्या दोन पट्ट्यांमध्यें पाचर ठोकतात, त्या ऊन व दमट हवेंत ठेवतात आणि भेग किती पुढें सरकते हें पाहतात. कोरड्या परीक्षेंत जुळे भाऊ वाटणारे दोन सांधे येथें चटकन् वेगळे ओळखूं येतात. आपल्याकडेहि, जहाजाच्या कामाचें म्हणून विकल्या जाणाऱ्या प्लायवूडचे तुकडे भारतीय मानकाप्रमाणें ७२ तास उकळत्या पाण्यांत ठेवून मग तपासतात. थरांमध्यें चाकू घालून ते उचकटतात आणि उघड्या पडलेल्या अंगावर लांकडाचे धागे किती चिकटून आहेत तें पाहतात. मोठ्या यंत्रावांचून केलेली ही साधी परीक्षा तोच प्रश्न विचारते: मोडलें तें काय, लांकूड कीं पकड?

तरीहि एक अडचण राहतेच. सांध्याचें बळ कळण्यास तो मोडावा लागतो, आणि जो मोडला तो पुन्हां कामास येत नाहीं. ज्या सांध्यावर माणूस विसंबणार, त्याची परीक्षा कधींच झालेली नसते. परीक्षा होते ती त्याच्या भावंडाची. टिचकी मारून किंवा ध्वनिलहरी सोडून आंतील पोकळी सांपडते. पण पकड नुसती टेकलेली आहे कीं खरी जडलेली आहे, हें त्यावरून खात्रीनें कळत नाहीं. म्हणून चांगल्या कारखान्यांत प्रत्येक मोठ्या सांध्याबरोबर त्याच दिवशीं, त्याच सरसानें आणि त्याच हातांनीं लहान पट्ट्याहि जोडतात, आणि त्या मोडून पाहतात. मोडलेल्या पट्टीची साक्ष न मोडलेल्या पंखास लागू पडते ती एकाच अटीवर: दोघांची जोडणी सारख्याच काळजीनें झालेली असली पाहिजे. ती काळजी मोजणारें यंत्र अद्याप निघालेलें नाहीं. सरस लावण्यापूर्वीं लांकूड खरवडून कोरडें करणारा खुर्चीचा सुतार तें जाणून असतो.