ड्रम मागणारी मुलगी
(छत्रपती संभाजीनगर येथील भाषण)



काश्मीरमधल्या दहावीच्या मुलींचा ‘प्रगाश’ हा रॉक बँड २०१३ साली फतव्यानंतर थांबला. पुढच्याच वर्षी इंडोनेशियातल्या गारुत इथे इस्लामी शाळेतल्या तीन मुलींनी, मार्स्या, विडी आणि सिती यांनी, ‘व्हॉइस ऑफ बाचेप्रोत’ हा बँड काढला. बाचेप्रोत म्हणजे गोंगाट! त्यांनाही विरोध झाला, धमक्या आल्या. पण शाळेतले एक शिक्षक पाठीशी राहिले. २०२४ साली हिजाब घालूनच त्या इंग्लंडच्या ग्लास्टनबरी महोत्सवात वाजवून आल्या. तिथे वाजवणारा तो पहिला इंडोनेशियन बँड.

आपल्याकडे गॅदरिंगमध्ये मुलींच्या वाट्याला अजून बरेचदा स्वागतगीतच येते. उद्या एखादीने ड्रम मागितला, तर तिच्या पाठीशी आपण असू ना?