शाळा स्थलांतरित होते तेव्हा

(मावळ तालुक्यातील पालक-शिक्षक मेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



शाळेची इमारत जीर्ण झाली, ती उतरवून नवी बांधायची आणि तोपर्यंत आठवी ते दहावीचे वर्ग तात्पुरत्या जागेत भरवायचे, असा प्रस्ताव आला की पालकांत अस्वस्थता पसरते. ही अस्वस्थता म्हणजे विकासाला विरोध, असा सोयीचा अर्थ लावला जातो. तो अर्थ मला मान्य नाही. जो पालक प्रश्न विचारतो, तो शाळेला आपली मानतो. चिंता करावी ती प्रश्न विचारणेच सोडून दिलेल्या समाजाची.

शाळेच्या स्थलांतराचा इतिहास या मावळ भूमीला परका नाही. प्रा. विष्णु गोविंद विजापूरकर यांनी १९०६ साली कोल्हापुरात समर्थ विद्यालय स्थापन केले. मातृभाषेतून शिक्षण, उद्योगाची जोड आणि राष्ट्रभावनेचा संस्कार ही त्याची त्रिसूत्री होती. ते विद्यालय पुढे आपल्या तळेगाव दाभाडे येथे आले. समाजाच्या पैशापैशातून उभा राहिलेला पैसा फंडाचा काच कारखानाही याच तळेगावचा. ‘विश्ववृत्त’ मासिकातील लेखाबद्दल १९०८ साली विजापूरकरांना कारावास झाला आणि १९१० साली इंग्रज सरकारने विद्यालयच बंद पाडले. तरीही सुटून आल्यावर त्यांनी तळेगावातच नव्याने विद्यालय उभारले. शाळेची जागा बदलली, सरकारची वक्रदृष्टी झाली, तरी पालकांनी मुले त्यांच्या हाती सोपवली. कारण त्यांचा विश्वास भिंतींवर नव्हता, माणसांवर होता. आज शाळा हलवणाऱ्यांनी हाच विश्वास प्रथम संपादन केला पाहिजे.

आता पालकांच्या चिंतेचे नेमके स्वरूप पाहू. लोहमार्ग, जुना महामार्ग आणि द्रुतगती मार्ग हे तिन्ही आपल्या तालुक्याच्या मधून जातात. अंदर मावळ, नाणे मावळ, पवन मावळ येथील मुले एस. टी.ने, लोकलने, पुष्कळदा पायी शाळेत येतात. नकाशावर दोन किलोमीटर दिसणारी नवी जागा महामार्गाच्या पलीकडे असेल, तर ते अंतर दोन किलोमीटरचे राहत नाही. त्यात लोणावळ्याचा पाऊस वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या पुढे जाणारा. पत्र्याच्या शेडवर अशा पावसाचा मारा सुरू झाला की शिक्षकांचा आवाज मागच्या बाकापर्यंत पोहोचत नाही. दहावीच्या विद्यार्थ्याचे असे चार महिने गेले, तर ते भरून कोण देणार?

मोठी मुले आहेत, सांभाळून घेतील, असे म्हटले जाते. वस्तुस्थिती उलट आहे. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याचे संरक्षण सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना, म्हणजे आठवीपर्यंत आहे. पाचवीपर्यंतची शाळा एक किलोमीटरच्या आत आणि आठवीपर्यंतची तीन किलोमीटरच्या आत असावी, हा दंडक नववी-दहावीला लागू नाही. शाळेतील मध्यान्ह भोजनही आठवीपर्यंतच. म्हणजे ज्या वयात मुलगा कमाईला आणि मुलगी घरकामाला ओढली जाण्याची शक्यता सर्वाधिक, त्याच वयात कायद्याचा हात सुटतो. कातकरी, ठाकर वस्तीवरून शिकायला येणारी घरातली पहिली मुलगी सुरक्षित वाट नाही म्हणून चार दिवस घरी राहिली, की पाचव्या दिवशी ती परत येईलच याची शाश्वती नसते. शाळा दोन वर्षांनी नव्या इमारतीत परत येईल; ती मुलगी येणार नाही. या प्रश्नाचे खरे गांभीर्य येथे आहे.

जुनी इमारत धोक्याची असेल, तर ती सोडलीच पाहिजे, याविषयी दुमत नको. जुलै १९८९ मध्ये आपल्याच भाजे गावावर दरड कोसळली. ३० जुलै २०१४ रोजी याच पुणे जिल्ह्यातील माळीण गाव डोंगराखाली गेले. घाटाखालची इर्शाळवाडी १९ जुलै २०२३ च्या रात्री गाडली गेली. डोंगराच्या कुशीत राहणाऱ्याने धोका हलका लेखू नये. पण तात्पुरती जागा आपोआप सुरक्षित ठरत नाही. तमिळनाडूत कुंभकोणम येथे १६ जुलै २००४ रोजी शाळेच्या झावळ्यांच्या छपराला आग लागून ९४ बालके मृत्युमुखी पडली. त्यानंतर २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने शाळांच्या सुरक्षिततेविषयी निर्देश दिले. मुक्काम चार महिन्यांचा असला, तरी बाहेर पडण्याचे मार्ग, विजेची जोडणी आणि छताची मजबुती यांत तडजोड चालणार नाही.

म्हणून पालकांनी चार गोष्टी लेखी मागाव्यात. पहिली, परतीची तारीख. कारण ‘तात्पुरते’ या शब्दाला आपल्याकडे अंत नसतो. दुसरी, नव्या जागेच्या सुरक्षिततेचा सक्षम अभियंत्याने दिलेला दाखला. तिसरी, वाहतुकीची व्यवस्था. अहिल्याबाई होळकर योजनेतून मुलींना एस. टी.चा मोफत पास मिळतो, तो नव्या जागेपर्यंतचा असावा आणि गाडीची वेळ शाळेच्या वेळेशी जुळावी. चौथी, मुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृह, पिण्याचे पाणी, प्रयोगशाळा आणि पूर्ण वेळ शिक्षक. विद्यार्थी एका जागी आणि विज्ञानाचे शिक्षक दुसऱ्या जागी, अशी विभागणी होता कामा नये. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला असतात. जेथे अशी समिती आहे, तेथे मातांनी ही मागणी ठरावाच्या रूपात मांडावी.

परंतु केवळ मागणी करून समाज संघटित होत नाही. मागणीइतकेच कर्तव्यही आपले आहे. पहिले काही आठवडे रस्ता ओलांडण्याच्या ठिकाणी गावातील तरुणांनी सकाळ-संध्याकाळ उभे राहावे. लांबच्या वस्तीवरील मुलींनी गटाने यावे-जावे आणि एका घराने त्या गटाची जबाबदारी घ्यावी. गावातील मंदिराच्या सभामंडपात संध्याकाळी अभ्यासिका चालवावी; निवृत्त शिक्षकांनी तेथे रोज एक तास द्यावा. चार दिवस गैरहजर राहिलेल्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या घरी कोणीतरी गेलेच पाहिजे. यासाठी शासनाच्या आदेशाची वाट पाहावी लागत नाही.

नव्या इमारतीच्या उद्घाटनाला पाहुणे येतील, कोनशिला बसेल. त्या दिवशी आपण हजेरीपट उघडून पाहावा. तात्पुरत्या जागेत गेलेले प्रत्येक नाव तेथे असेल किंवा दहावी उत्तीर्ण होऊन पुढे गेले असेल, तरच शाळा सुखरूप परत आली, असे म्हणता येईल. ते आपल्या हाती आहे.